ओवाळणीची सायकल परत नेण्याबाबत

चाकूर,
दि. १८ जानेवारी, रविवार

तीर्थरूप दादास,

धाकट्या अंबिकेचा, गुडघे वाकतील तितका वाकून नमस्कार. उज्वलावहिनींनाही सांगावा. इकडे सगळं ठीक आहे आणि तिकडेही तसंच असेल असं धरून चालते. तुझी साखर कुठवर आली? मागच्या वेळी जेवणाआधीची तू सांगितलीस आणि जेवणानंतरची सांगायचं टाळलंस, तेव्हापासून काळजी लागली आहे. वहिनींना कंबरेचा पट्टा मिळाला का? त्यांना म्हणावं, दवाखान्यात जाताना सिटी बसनं जा, ऑटोनं जाऊ नका. नांदेडचे ऑटोवाले खड्डा चुकवत नाहीत, निवडून घेतात. सासूबाई (नागाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, दात तीन) मजेत आहेत आणि तुला आशीर्वाद सांगतात.

पत्रास कारण की, तू भाऊबिजेला ओवाळणीत घातलेली विजेची सायकल परत पाठवायचं आम्ही ठरवलं आहे. सायकलीत काही खोट आहे असं नाही. उलट यांनी (तुझ्या मेहुण्यांनी, शेषेरावांनी) दुकानातलं गिऱ्हाईक ताटकळत ठेवून, स्वतःच्या हातानं ती इतकी मजबूत करून दिली आहे की आज चाकूर तालुक्यात तिच्या तोडीची सायकल सापडणार नाही. यांचे कष्ट मी डोळ्यांनी पाहिले आहेत. मलाच ती झेपत नाही, दोष माझाच. येत्या रविवारी यांचा टेंपो गेट घेऊन नांदेडला येतो आहे, त्यात सायकल येईल. उतरवून घ्यायला चार माणसं तयार ठेवावीत. उद्यापासून हे मला पूर्वीसारखं मोटारसायकलवर शाळेत सोडणार आहेत. यांच्या या मोठ्या मनाबद्दल मी आभारी आहे. बाकी सर्व क्षेम.

आता पान उलट.

दादा, पहिलं पान यांच्यासाठी होतं. आमच्या घरातलं पत्र हेच पोस्टात टाकतात, कारण पोस्ट यांच्या वेल्डिंगच्या दुकानाला लागून आहे, आणि टाकण्याआधी वाचतात. पण कुठल्याही कागदाचं पहिलंच पान वाचायची यांना सवय आहे. पेपरचं पहिलं पान, बँकेच्या फॉर्मचं पहिलं पान. (सोसायटीच्या अहवालाच्या पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो असतो; त्यावरून कारभार उत्तम चालला आहे असं यांचं ठाम मत आहे.) चोवीस वर्षांच्या संसारात यांनी दुसरं पान उलटल्याचं मला आठवत नाही. म्हणून इथून पुढं मनातलं लिहिते. फोन का केला नाहीस, असं तू विचारशील. ग्राइंडरच्या आवाजानं यांचे कान गेले आहेत, त्यामुळे आमच्या घरातला प्रत्येक फोन स्पीकरवर असतो. तो हे ऐकतात, सासूबाई ऐकतात आणि भिंतीपलीकडची सिद्धम्मा ऐकून सल्लाही देते. सख्ख्या भावाशी दोन शब्द बोलायचे तर पाच रुपयांच्या पाकिटाशिवाय मला मार्ग उरलेला नाही.

तर सायकल. दिवाळीत तू ती खोक्यातून काढून एका हातानं उचलून दाखवलीस तेव्हा मला वाटलं, आत अजून काहीतरी बसवायचं राहिलं असेल. अॅल्युमिनियमचा सांगाडा, पाण्याच्या बाटलीएवढी बॅटरी, सगळी मिळून सोळा किलो. लायसन नको, पासिंग नको, पेट्रोल नको. तू म्हणालास, अंबे, आता तू उचल. मी उचलली. आणि उचलली गेली, दादा. माहेरी आणि सासरी मिळून मी आजवर जे जे उचललं, घागर म्हण, ज्वारीचं पोतं म्हण, आजारपणात सासूबाई म्हण, ते सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचं होतं. माझ्या एकटीची म्हणून उचललेली ही पहिलीच वस्तू.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण चाकूरला आणल्यावर सासूबाईंनी वाहनपूजा काढली. हळदकुंकू झालं, हार झाला, नारळ फुटला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. आमच्या दारात आजवर बैलगाडी, टेंपो, दोन मोटारसायकली आणि एक उसनं आणलेलं ट्रॅक्टर एवढ्यांनी लिंबं फोडली आहेत. यांनी सायकल हातानं पुढं ढकलली. चाक लिंबावर चढलं, थोडं थांबलं आणि बाजूनं उतरलं. लिंबू जसंच्या तसं. पुन्हा ढकलली, तर लिंबूच घरंगळत तुळशीपाशी जाऊन बसलं. तिसऱ्या वेळी सिद्धम्मा तोंडाला पदर लावून आत गेली. (वर बसून चालवली असती तर फुटलं असतं, असं मी म्हटलं. पण पूजेच्या आधी वाहनावर बसत नाहीत, हे त्या दिवशी मला तिघांनी सांगितलं.) सासूबाई म्हणाल्या, "आसलं इपरीत कधी बघितलं न्हाई, बाई." हे खाली वाकले. लिंबू उचलून खिशात घातलं आणि दुकानात निघून गेले. मी मात्र हळदकुंकवाचं ताट घेऊन खुळ्यासारखी हसत उभी होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

यांचा धंदा तुला माहीत आहे, पण त्यातली गोम तुला माहीत नसेल. गेट, ग्रिल, शटर, जिना, सगळं किलोवर विकतात. गिऱ्हाईक नक्षी बघत नाही, काटा बघतं. त्यामुळे जड ते चांगलं, हलकं ते फसवाफसवीचं, एवढं एकच तत्त्व यांनी आयुष्यभर पाळलं. आमच्या घरातला पोळपाटसुद्धा यांनी लोखंडी करून दिला आहे. तो आठ वर्षांपूर्वी जिथं ठेवला तिथंच आहे. पोळ्या लाटायला मीच त्याच्याकडे जाते. आता असा माणूस सोळा किलोच्या वाहनाकडे कोणत्या नजरेनं बघणार? यांनी ती दुकानातल्या काट्यावर ठेवली. आकडा बघून काटा बिघडला असेल म्हणून स्वतः काट्यावर उभे राहिले. काटा बरोबर निघाला तेव्हा दुकानाच्या भिंतीवर खडूनं १६ लिहिलं आणि मेहुण्याला (म्हणजे तुला) नांदेडात कुणीतरी गंडवलं म्हणून संध्याकाळी जेवले नाहीत. (सकाळी दोन वेळचं जेवले.)

सुदैवानं त्याच वेळी यांना एका मंगल कार्यालयाच्या शेडचं काम आलं, आणि मला अकरा दिवस मिळाले. त्या अकरा दिवसांविषयी थोडं लिहिते, कारण पुन्हा लिहायला काही मिळेल असं दिसत नाही. आमची वाडीवरची शाळा पक्क्या रस्त्यानं अकरा किलोमीटर आहे आणि नाल्यातल्या आडवाटेनं पाच. नाल्यावरच्या पुलाचे दोन खांब दोन वर्षांपूर्वी उभे राहिले आणि पूल यायची वाट बघत अजून उभे आहेत. खाली दगड टाकलेत, त्यांवरून माणूस जातो, गाडी जात नाही. मी नाल्यापर्यंत सायकलवर जायची, सायकल खांद्याला लावून चौदा दगड पार करायची आणि पलीकडं पुन्हा बसायची. पायडल मारलं की ती मोटर पाठीवर कुणी अलगद हात ठेवावा तशी पुढं नेते. बावीस वर्षं मी शाळेत जाते आहे ती यांच्या शर्टाची कॉलर बघत, एका अंगावर बसून, त्यामुळे मला रस्त्याची फक्त डावी बाजू माहीत होती. आता दोन्ही बाजू दिसायला लागल्या. यांच्याबरोबर जायचं तर शाळेची वेळ दहाची आणि यांची वेळ गिऱ्हाईकाची. कधी नऊला शाळेच्या बंद दारात उभी, कधी परिपाठ निम्मा झाल्यावर मान खाली घालून आत. सायकलवर पहिल्या दिवशी मी पावणेदहाला पोचले. स्वतः कुलूप काढलं, रिकाम्या वर्गात बसून थर्मासमधला चहा प्याले आणि मला इतकं बरं वाटलं की रडू आलं. कस्तुराबाई (आमची खिचडी शिजवणारी) दारातून म्हणाली, "मॅडम, घरी काय झालं का?" घरी काही झालं नव्हतं, मला रोज इतक्या लवकर यायला मिळणार होतं, एवढंच.

सायकलीत दोष नाहीत असं मी म्हणत नाही. तुरीच्या रानातून समोरचा वारा आला की ती माझ्याआधी माघार घेते. टायर बारीक, त्यामुळे बाभळीचा एकेक काटा तिला ओळखतो. पंक्चर झालं तर चाकूरचा पंक्चरवाला लखन मागच्या चाकाला हात लावत नाही, "ह्यात लाईट हाय, म्या न्हाई खोलनार" म्हणतो, मग चाक न काढता टायर अर्धंच सोडवून आतल्या ट्यूबला मलाच ठिगळ लावावं लागतं. आवाज करत नाही, म्हणून म्हशी बाजूला होत नाहीत. कागदावर ती एका चार्जिंगला तीस किलोमीटर जाते, चाकुरात बावीस जाते, आणि रात्री वीज गेली तर बावीसही जात नाही. भिंतीला टेकवून ठेवली आणि शेळीनं अंग घासलं तर शेळी आणि सायकल दोघी आडव्या. पण हे सगळं मला चालत होतं. हलकं वाहन घ्यायचं तर वाऱ्याचं आणि शेळीचं ऐकून घ्यावं लागतं, हा त्यातला व्यवहारच आहे, आणि बदल्यात ते एकटीला उचलता येतं.

बाराव्या दिवशी मंगल कार्यालयाचं काम संपलं.

संध्याकाळी मी घरी आले तर हे दारात मापाची टेप घेऊन उभे. "बाईमानसाची सायकल आन् तिला कॅरेज न्हाई?" म्हणाले. मला वाटलं वहीपिशवी ठेवायला होईल, मी हो म्हटलं. (दादा, ती माझी चूक, कबूल करते.) अॅल्युमिनियमला आमच्या दुकानातलं वेल्डिंग धरत नाही, एवढीच देवाची कृपा, नाहीतर आज सायकल आणि दुकान एकजीव झालं असतं. यांनी पट्ट्या आवळून नटबोल्टनं कॅरेज बसवलं, गेटमधून उरलेल्या अँगलचं, सहा किलो. त्यावर दोन माणसं उभी राहतात, हे यांनी दोन माणसं उभी करून दाखवलं. कॅरेजच्या वजनानं सायकलीचं नाजूक स्टँड वाकलं, म्हणून दोन पायांचं जाड स्टँड आलं. मागं इतकं वजन झालं की पुढचं चाक हलकं पडून डुलायला लागलं, म्हणून पुढं गजांची टोपली आली. टोपलीला धक्का लागू नये म्हणून तिच्यापुढं गार्ड आला. साखळीत पदर जातो, असं मी एकदा बोलले, तर जाड पत्र्याचं झाकण आलं, आता पदर जात नाही आणि साखळीला तेलही घालता येत नाही. चोरांनी हे सगळं काढून नेऊ नये म्हणून प्रत्येक नटावर वेल्डिंगचा टाका मारला. शेवटी मागं पत्र्याची पाटी आली, तिच्यावर रंगानं नाही, पत्रा कापून काढलेल्या अक्षरांत, दुकानाचं नाव, फोन नंबर आणि 'गेट ग्रिल शटर योग्य दरात'. मी वाडीवर शिकवायला जाते की ऑर्डरी घ्यायला, असा प्रश्न आता पालकांना पडतो. दोघांनी जिन्याचा दर विचारला आहे.

भिंतीवर खडूचे आकडे वाढत गेले. बावीस, सत्तावीस, एकतीस, पस्तीस, अडतीस. बेचाळीस झाले त्या दिवशी यांनी खाली दोन रेघा मारल्या, नवं लिंबू आणलं आणि सायकल त्यावरून नेली. लिंबाचं काही शिल्लक राहिलं नाही. सासूबाईंनी यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळं घर इतकं खूश होतं की मी स्वयंपाकघरात जाऊन पोळपाटापाशी उभी राहिले आणि मनसोक्त शिव्या दिल्या. (पोळपाटाला. तो ऐकून घेतो.)

मग व्हायचं ते झालं. बावीस किलोमीटर जाणारी बॅटरी नवावर आली. यांचं म्हणणं, बॅटरीच कमजोर. म्हणून सायकल टेंपोत घालून आम्ही लातूरला गेलो, तिथं विजेच्या सायकली दुरुस्त करणारा मल्लेश म्हणून उदगीरकडचा एक कारागीर आहे. तो सायकलीभोवती तीन फेऱ्या मारून शांतपणे म्हणाला, "मालक, हिला मोटर कशाला? बैल लावा." मी मनातल्या मनात त्याला हात जोडले. यांनी मात्र ते मनावर घेतलं. येताना रेणापूर फाट्यावर हे म्हणाले, "बैल लावायचा तर पुढचा गार्ड काढावा लागंल." बाई म्हणून जन्माला आल्याचा मला क्वचितच त्रास झाला आहे, त्या फाट्यावर झाला.

पण दादा, रडायचं कारण बॅटरी नाही. रडायचं कारण नाला आहे. अकरा किलोमीटरच्या रस्त्यानं जाऊन यायला ही बॅटरी पुरत नाही, आणि पाचाच्या वाटेवर बेचाळीस किलो मला उचलत नाही. तेव्हा आता काय व्हायला लागलं ऐक. मी सायकलवर पुढं, हे मोटारसायकलवर मागं. नाल्यापाशी हे मोटारसायकल लावतात, पँट वर दुमडतात, सायकल उचलून चौदा दगड पार करतात, मला पलीकडं बसवतात आणि माघारी जातात. संध्याकाळी पुन्हा तसंच. पेट्रोल वाचवायला आलेल्या सायकलीपाठी रोज पेट्रोल जाळत एक मोटारसायकल चालते. रानातल्या बाया काम थांबवून बघतात. एकीनं विचारलं, "मॅडमच्या मागं कोन मंत्री हाय का?" आणि हे खूश. रोज संध्याकाळी म्हणतात, "बघ, म्या नसतो तर काय केलं असतंस." यावर काय उत्तर द्यायचं ते बी.एड.ला शिकवत नाहीत.

गेल्या गुरुवारी कळस झाला. यांना गेट द्यायला रेणापूरला जायचं होतं. म्हणाले, "नाल्यावर थांब, आकरापर्यंत येतो." आमच्या मोठ्या सरांची बदली झाल्यापासून शाळेचा चार्ज माझ्याकडं आहे आणि किल्ल्या माझ्या पर्समध्ये. अकरापर्यंत थांबून कसं चालेल? मी एकटीनं उचलायला गेले. दोन दगडांपर्यंत गेली. तिसऱ्यावर ती दोन पायांच्या स्टँडसकट चिखलात बसली ती बसलीच, नाल्यात कुणीतरी गेट बसवावं तशी. मी ओढते, ती खाली जाते. शेवटी तिला तिथंच सोडून, चप्पल हातात घेऊन मी चालत निघाले. अकरा वाजून दहा मिनिटांनी शाळेत पोचले, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलात. अडतीस पोरं पटांगणात, कस्तुराबाई तांदळाचा डबा मांडीवर घेऊन कुलूपबंद खोलीपुढं, आणि ओट्यावर केंद्रप्रमुख. ते वर्षातून एकदा येतात. त्यांनी घड्याळ बघितलं नाही, त्यांनी माझे पाय बघितले, आणि ते जास्त लागलं.

आता बुधवारपर्यंत लेखी खुलासा द्यायचा आहे. चार वेळा लिहून फाडला. 'उपरोक्त दिनांकी सदर शिक्षिकेच्या पतीने सदर वाहनात सुधारणा केल्याकारणाने' एवढ्यापर्यंत येते आणि पुढं हात चालत नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर हा पहिला कागद. यांना सांगितलं तर हे हळहळले, खरंच हळहळले, सायकल नाल्यातून काढून आणली, मला गरम पाणी आणून दिलं, आणि मग म्हणाले, "म्हनूनच म्हनतो, बाईमानसाला सायकल कशाला? म्या हाय ना. सोमवारपासून सोडतो, पयल्यासारखं." सासूबाईंचा तेवढा विरोध होता, ओवाळणी माघारी जात नसती, भावाला बाधते म्हणून. पण दुरुस्तीला म्हणून पाठवली तर बाधत नाही, असा तोडगा सिद्धम्मानं भिंतीपलीकडून काढला. तेव्हा निकाल लागला. उद्या सकाळपासून मी पुन्हा यांच्या कॉलरीमागं, एका अंगावर, डावी बाजू बघत.

दादा, हा माणूस वाईट नाही, हेच मोठं संकट आहे. दारू नाही, हात उचलणं नाही, पगार मागणं नाही. बोल लावावा असं काही करत नाहीत, फक्त माझ्या सायकलीला सहा सहा किलोनं प्रेम बसवत गेले. त्याच्याशी भांडायचं कसं? मी सगळ्या बाजूंनी विचार केला आणि बेजार होऊन बसले आहे. आता वाटतं, नशिबात जे वजन असतं ते असतंच. तू दिलीस, मी अकरा दिवस वापरली, खूप झालं. रविवारी चार माणसं तयार ठेव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि साखरेचं खरं काय ते कळव.

तुझी,
अंबिका

ता. क. वर लिहिलेलं सगळं खरं असलं तरी शेवटचं, नशिबाचं, खरं नाही. मला ती सायकल पाहिजे. मला ती सोळा किलोचीच पाहिजे. परत घेऊ नकोस. टेंपो आला की यांना दारातून आत घेऊ नको, आधी चहा दे आणि सांग की कंपनीचं पत्र आलंय.

ता. क. दुसरा. म्हणजे ते पत्र तुलाच लिहावं लागेल. 'सदर सायकलीवर एक खिळाही जास्तीचा आढळल्यास वॉरंटी रद्द होऊन सायकल व बसवणारा दोन्ही जप्त करण्यात येतील' असं काहीतरी, टाईप करून. एकाच पानात बसव. खाली गोल शिक्का मार. तुझ्या रेल्वेच्या ऑफिसातला नको, नोकरी जाईल. तुझ्या कॉलनीच्या गणेश मंडळाचा चालेल. हे मजकुरापेक्षा शिक्का जास्त वाचतात. मी स्वतः पाना घेऊन बघितलं, पण प्रत्येक नटावर टाका आहे, ग्राइंडरशिवाय निघत नाही, आणि ग्राइंडर यांच्याशिवाय कुणाला लावता येत नाही. एवढं एक खोटं माझ्यासाठी कर. आजवर तुझ्याकडं काही मागितलं नाही, ही ओवाळणीही तू आपणहून दिलीस.

ता. क. (हे अक्षर माजं हाय, शेषेरावचं.) पाव्हणं, रामराम. पत्र टाकायला माझ्याकडं आलं. पयल्या पानाखाली 'पान उलट' लिहिलं हुतं, म्हनून उलटलं, सगळं वाचलं. पाच पानं वाचायला दोन दिवस लागले, म्हनून उशीर. खोटं पत्र पाठवू नका, शिक्का मारू नका. दोन दिवस तिला गाडीवर सोडून राहिलो. मागं बसून जायला एक शबूद न्हाई, यायला एक शबूद न्हाई. आधी वाटलं थंडी हाय म्हनून. आज दुपारी शटर ओढून घेतलं आन् ग्राइंडर लावून सगळं कापून काढलं. काट्यावर ठिवली तर सोळा किलो शंभर ग्राम भरली. शंभर ग्राम कशाचं हाय ते घावंना, बहुतेक चिखल आसंल. तिला अजून सांगितलं न्हाई, उद्या सकाळी दारात उभी करतो. केंद्रप्रमुखाला पन म्याच जाऊन सांगतो, चूक माजी हाय, लिहून देतो.

एक गोष्ट तिला कळवू नका. बावीस वर्षं रोज सकाळी तिला सोडायचं म्हनून मी उठून दाढी करायचो. ती आकरा दिवस एकटी गेली तवा मला काय करावं ते सुचंना. शेडवर नुसता उभा ऱ्हायचो, पोरं म्हनायची मालक, तुमी घरी जा. कॅरेज बसवलं ते त्याच्यामुळं. काम सापडलं म्हनून बसवत गेलो. मला वाटलं तिला कळंल. तिला वजनच कळलं.

तुमच्याकडं तशीच अजून एक मिळंल का बघा. बाप्याची. हलकीच द्या, बसवायचं काही न्हाई. मी तिच्या मागंमागं येनार न्हाई, पुढं बी जानार न्हाई. नाला आला की ज्याची त्यानं उचलायची.